नावाची विरचना : देरिदा आणि नारायणगावकर

१

गेल्या काही दशकांत मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत, चर्चासत्रांत आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत ज्या परकीय नावांचा वावर वाढला, त्यांत झाक देरिदा हे नाव अग्रभागी आहे. मात्र हा वावर बहुधा एकाच प्रकारचा असतो. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात सोस्यूर आणि बार्थ यांच्या पाठोपाठ देरिदावर दोन-तीन पाने खर्ची पडतात. 'केंद्र', 'परिघ', 'अर्थाची अनिश्चितता' हे शब्द येऊन जातात. आणि तिसऱ्या प्रकरणापासून संशोधक आशय, अभिव्यक्ती, पात्रचित्रण, भाषाशैली या नेहमीच्या वाटेने चालू लागतो. देरिदाचे आडनाव अशा वेळी दाखल्यावरील शिक्क्याचे काम करते. ज्या विचारवंताने अधिकाराचे दावे कशावर उभे असतात हे आयुष्यभर तपासले, त्याचेच नाव आपण अधिकारवाणी म्हणून पुढे करतो. दुसऱ्या बाजूला, हे सारे परकीय आहे, आपल्या मातीत रुजणारे नाही, असे म्हणून ते न वाचताच बाजूला सारणारेही पुष्कळ आहेत. या दोन्ही भूमिकांत वाचनाचे श्रम वाचतात, एवढे त्यांच्यातील साम्य नोंदवण्याजोगे आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे : विरचनेचा आपल्याला खरा उपयोग व्हायचा असेल, तर आपल्याकडील नावे आणि आडनावे त्या पद्धतीने वाचून पाहिली पाहिजेत. हे विधान शब्दशः घ्यावे. विशेषनाम, त्याचे मूळ, त्याची मालकी आणि त्यातून होणारी वर्गवारी हा देरिदाच्या चिंतनाचा एक महत्त्वाचा विषय आहे. आणि मराठी समाजात आडनावाइतकी बोलकी संहिता दुसरी क्वचितच सापडेल. उदाहरण म्हणून येथे तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावाचे, आणि त्या गावाला नावात घेऊन महाराष्ट्रभर हिंडलेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव घेतले आहे.

२

प्रथम त्या फ्रेंच आडनावाविषयी. मराठीत ते देरिदा, डेरिडा, दरिदा अशा निरनिराळ्या रीतींनी लिहिले जाते. फ्रेंचमधील द दन्त्य असल्यामुळे 'देरिदा' हे रूप मूळ उच्चाराला जवळचे. 'डेरिडा' हे रूप इंग्रजीच्या वाटेने आले, कारण इंग्रजीतील तो वर्ण मराठी कानाला ड असा ऐकू येतो. तेव्हा द आणि ड यांच्या निवडीत आपल्या वाचनाचा मार्गही नोंदला गेला आहे. आपण देरिदा वाचला तो मुख्यतः गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांच्या १९७६ सालच्या 'ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी' या इंग्रजी भाषांतरातून, आणि त्याहूनही अधिक इंग्रजीतील परिचयग्रंथांतून. परिचयग्रंथ निष्कर्ष देतात. निष्कर्षापर्यंत नेणारे संथ, शब्दाला चिकटून चालणारे वाचन देत नाहीत. आपल्या प्रबंधांत विरचनेचे निष्कर्ष आढळतात आणि विरचना आढळत नाही, याचे एक कारण येथे आहे.

पारिभाषिक संज्ञेचाही विचार करावा. विघटन, विखंडन, विरचना असे पर्याय आपल्याकडे वापरले जातात. पहिल्या दोहोंत मोडतोडीचाच भाव प्रबळ आहे, आणि विरचना म्हणजे विध्वंस नव्हे हे तर देरिदा वारंवार सांगतो. 'विरचना' हा पर्याय अधिक योग्य आहे, आणि त्याचे कारण मनोरंजक आहे. संस्कृतात वि-पूर्वक रच् या धातूचा अर्थ मुळी 'रचणे' असाच होतो. ग्रंथाच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिकेत 'अमुकविरचित' असे असते ते याच अर्थाने. 'वि' हा उपसर्ग विख्यात, विशुद्ध यांत अर्थ बळकट करतो, तर विफल, विरूप यांत तो उलटवतो. त्यामुळे 'विरचना' या एका शब्दात रचणे आणि रचना उकलणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि कोणता घ्यावा हे शब्द स्वतः सांगत नाही. देरिदाला अशाच शब्दांत रस होता. शिवाय 'विरचित' हा शब्द परंपरेत जेथे येतो, तेथेच कर्त्याचे नाव येते, हेही पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

३

देरिदाने १९६६ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या परिसंवादात संरचनावादाच्या मर्यादा दाखवणारा निबंध वाचला आणि १९६७ साली त्याचे तीन ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांपैकी लेखनविषयक ग्रंथात त्याने मांडलेला मुद्दा थोडक्यात असा. प्लेटोपासून सोस्यूरपर्यंत पाश्चात्त्य विचाराने उच्चारित वाणीला अस्सल आणि लेखनाला दुय्यम मानले. वाणीत बोलणारा समोर असतो, लेखनात तो नसतो, हे त्याचे कारण. परंतु कर्त्याची अनुपस्थिती, पुनरावृत्तीची शक्यता, संदर्भापासून तुटणे ही जी लेखनाची वैगुण्ये म्हणून सांगितली जातात, ती वाणीतही आरंभापासून असतातच. एरवी शब्द दुसऱ्यांदा उच्चारताच आला नसता. १९७१ साली माँट्रियल येथे वाचलेल्या निबंधात त्याने हाच विचार स्वाक्षरीला लावला. स्वाक्षरी एकमेव असावी लागते आणि पुन्हापुन्हा करता यावी लागते. तिचा अस्सलपणा ज्या पुनरावृत्तीवर उभा आहे, तीच तिची नक्कलही शक्य करते.

हे समजून घेण्यासाठी फार दूर जायला नको. नारायणगाव ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम कडेला नाणेघाटाची लेणी आहे. तिच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मीत नाव कोरलेले होते. मूर्ती नाहीशा झाल्या, नावे राहिली. सुमारे दोन हजार वर्षे ती नावे धारकांवाचून आपले काम करीत आहेत. नाव हे धारकाच्या उपस्थितीवर अवलंबून नसते, किंबहुना त्याच्या अनुपस्थितीतही चालावे म्हणूनच ते असते, हे देरिदाचे प्रतिपादन तेथे भिंतीवर वाचता येते.

देरिदाचे उदाहरण मराठीत जसेच्या तसे आणता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. भिन्नता आणि लांबणीवर पडणे हे दोन्ही अर्थ एकत्र आणण्यासाठी त्याने फ्रेंच शब्दातील एक स्वराक्षर बदलले. तो बदल डोळ्यांना दिसतो, कानांना कळत नाही. पण देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहू गेल्यास मूळ शब्द आणि बदललेला शब्द दोन्ही 'दिफेरांस' असेच होतात. फरक पुसला जातो. मराठीत याच्या उलट प्रकार घडतो. थोडे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' यांत ज एकदा दन्ततालव्य आणि एकदा तालव्य आहे. कान ते ओळखतो, लिपी दाखवत नाही. यामुळे देरिदा खोटा ठरत नाही. वाणी किंवा लेखन यांपैकी एकही स्वयंपूर्ण नाही, हेच यातून दुसऱ्या बाजूने सिद्ध होते. परंतु आपल्या भाषेतील उदाहरण आपल्यालाच शोधावे लागते, हा धडा यातून घ्यायला हवा.

४

नावाविषयीचे देरिदाचे सर्वांत मूलगामी विवेचन १९६७ च्या त्याच ग्रंथात आहे. मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस याने ब्राझीलमधील नांबिक्वारा जमातीत विशेषनाम उच्चारण्यास मनाई असल्याचे नोंदवले आहे. आपण आलो, मुलींकडून नावे काढून घेतली आणि एका निष्पाप समाजात हिंसा शिरली, असा त्याच्या कथनाचा सूर आहे. देरिदा हे मान्य करीत नाही. त्याच्या मते हिंसेचे तीन स्तर आहेत. नाव देणे म्हणजेच एखाद्याला भेदांच्या व्यवस्थेत बसवणे, त्याचे वर्गीकरण करणे. ही आद्य हिंसा. ते वर्गीकरण झाकणारी, नाव उच्चारू नका असे सांगणारी नीती आणि कायदा हा दुसरा स्तर. आणि झाकलेले उघडे करून होणारा अपमान, आघात, युद्ध हा तिसरा. आपण सामान्यतः यालाच हिंसा म्हणतो.

हे लिहिणाऱ्याचे स्वतःचे नावही निर्वेध नव्हते. देरिदाचा जन्म १९३० साली अल्जीरियातील एका ज्यू कुटुंबात झाला. त्याचे जन्मनाव जॅकी. लेखक म्हणून त्याने झाक हे रूढ फ्रेंच नाव घेतले. १९४० साली अल्जीरियातील ज्यूंचे फ्रेंच नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि १९४२ साली त्याला ज्यू म्हणून शाळेतून काढण्यात आले. वर्गीकरण माणसाचे काय करते, हे त्याने बाराव्या वर्षी अनुभवले होते. जातिव्यवस्थेत जगणाऱ्या वाचकाला देरिदा परका वाटू नये, यासाठी एवढे पुरे आहे.

५

आता नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावरील या गावी चैत्र-वैशाखातील जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे जत्रा कमिटीचे लोक सुपारी द्यायला तेथे येतात. सुपारी हा शब्द अजून टिकून आहे, व्यवहार मात्र करारपत्रावर होतो. दिलेला शब्द आणि लिहिलेला कागद यांत कोण कोणाला पुरे पडते, हा प्रश्न तेथे दर हंगामात व्यवहारातच विचारला जातो. या गावाचे नाव दूरवर पोहोचवणाऱ्या घराण्यांत खुडे घराणे प्रमुख. नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे भाऊ आणि बापू या बंधूंच्या काळात तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने गाजला. भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५–२००२). त्यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक मिळाले. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००६ पासून ज्येष्ठ तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

फडाच्या फलकावर नाव असे – विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पुरस्काराच्या नावात ते असे – विठाबाई नारायणगावकर. ज्या पद्धतीने आपण एखाद्या कवितेतील पाठभेद पाहतो, त्या पद्धतीने हा पाठभेद पाहायला हवा.

'मांग' हा शब्द वर्गीकरणाचा आहे. तो धारकाने निवडलेला नाही. देरिदाच्या भाषेत तो आद्य हिंसेचा स्तर. परंतु हाच शब्द फड जेव्हा स्वतःच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहितो, तेव्हा इतरांनी दिलेली ओळख स्वाक्षरी म्हणून परत उच्चारली जाते. शब्द तोच, संदर्भ बदलला. अपमानासाठी वापरात असलेले चिन्ह तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे कलेची हमी म्हणून उभे राहते. यात पहिल्या अर्थाचा अंत होत नाही. दोन्ही अर्थ त्या फलकावर एकाच वेळी असतात.

'नारायणगावकर' हे स्थानवाचक आडनाव. मराठीत 'कर' प्रत्ययाची आडनावे जवळजवळ सर्व जातींत आढळतात, त्यामुळे ती जात सांगत नाहीत. फलकावर एक पद जे उघड करते, ते पुढचे पद झाकू शकते, आणि दोन्ही शेजारी उभी आहेत. शासकीय नावातून 'मांग' गळले, ते बहुधा सभ्यतेच्या आणि आदराच्या भावनेने. देरिदाने वर्णिलेला दुसरा स्तर नेमका हाच : वर्गीकरण कायम ठेवून त्याचा उच्चार अशिष्ट ठरवणारी नीती. हा आरोप नव्हे. शब्द ठेवला तरी जखम आहे आणि काढला तरी इतिहास पुसला जातो. या नावाचे निर्दोष रूप उपलब्ध नाही. संशोधकाने निदान कोणते रूप कोठे, कोणी वापरले याची नोंद करावी. ती आपल्या अभ्यासात क्वचितच दिसते.

आणखी एक गोष्ट. स्थानवाचक आडनाव मुळाचा दावा करते. पण विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा, आणि त्यांचे 'विठा' हे नाव विठ्ठलाच्या गावाकडे निर्देश करते. वर्षाचे कित्येक महिने राहुटीत आणि वाटेवर काढणाऱ्या फडाच्या नावात गाव स्थिर आहे, फड मात्र स्थिर नाही. नावातील 'भाऊ' हे वडिलांचे नाव; विवाहानंतर पतीचे नाव लावण्याचा रूढ संकेत येथे मोडलेला दिसतो. म्हणजे एका नावात जात, गाव, पितृकुल आणि दैवत यांचे चार दावे आहेत, आणि त्यांतील एकही इतरांना संपवत नाही.

फलकावरील उरलेले शब्दही वाचावेत. 'लोकनाट्य तमाशा मंडळ' अशी जोडी तेथे असते. प्रतिष्ठेसाठी आलेल्या 'लोकनाट्य' या शब्दाने 'तमाशा' या शब्दाला हटवले नाही. तो त्याच्या शेजारी जाऊन बसला. शब्द अपुरा आहे पण टाळता येत नाही, म्हणून तो खोडून तसाच दिसू देण्याची देरिदाची लेखनपद्धती ज्यांना कृत्रिम वाटते, त्यांनी हा फलक आठवावा.

६

नावाचा प्रश्न शाहिरी वाङ्मयाच्या कर्तृत्वापर्यंत जातो. होनाजी शिलारखाने रचीत असे आणि बाळा करंजकर गात असे. काव्यातील मुद्रा 'होनाजी बाळा' अशी जोडनावाची. रचणारा आणि गाणारा यांना एकाच स्वाक्षरीत जागा देणारी ही मुद्रा, लेखक एकच आणि तो लिहिणाराच, या गृहीतकाला पेशवाईतच प्रश्न विचारते. आपल्या वाङ्मयेतिहासाने या मुद्रेचे काय केले? होनाजीला कवी मानले आणि बाळाला साथीदार. मुद्रेने समान ठेवलेले दोघे इतिहासाने उतरंडीत लावले.

पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी कुलकर्णी हे नाव सोडून फडाचे नाव घेतले, याची नोंद त्याग म्हणून होते आणि ती रास्तही आहे. पण ज्यांना जातीचे नाव सोडण्याची मुभाच नव्हती, त्यांच्या नावांशेजारी ठेवल्यावर हा त्याग वेगळा दिसू लागतो. बापूरावांच्या लावण्या ज्या पवळाच्या गायन-नृत्यातून लोकांपर्यंत गेल्या, तिचे नाव त्या लावण्यांच्या मुद्रेत नाही. येथे संहिता मुख्य आणि प्रयोग पूरक, असे द्वंद्व काम करते. देरिदाचा 'पूरका'विषयीचा युक्तिवाद असा की, जे पूरक म्हणून जोडावे लागते ते मूळ अपुरे असल्याची साक्ष देते. पवळावाचून बापूरावांची लावणी वहीत पूर्ण होती, असे म्हणता येईल काय?

७

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला देशीयतेचा : परकीय सिद्धान्ताने आपले साहित्य का वाचावे? भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने या प्रश्नाला मराठीत धार दिली, आणि सिद्धान्ताच्या अंध आयातीला विरोध म्हणून तो योग्यच आहे. परंतु 'देशी' आणि 'परकीय' हे द्वंद्वही तपासायला हवे. 'तमाशा' हा शब्दच अरबी-फारसीतून आलेला आहे. त्याला परकीय म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. वस्तू कोठून आली यापेक्षा ती आपल्याकडे काय काम करते, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो दलित साहित्याच्या अभ्यासकांकडून येतो. अर्थ अनिश्चित, नाव म्हणजे चिन्हांचा खेळ, असे म्हटले की जातीने दिलेले दुःखही अनिश्चित ठरते. ज्याने ते भोगले त्याला हा खेळ परवडत नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला. त्यानंतर दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. आणि नाव प्रत्यक्षात आले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. तेही नामांतर म्हणून न येता जुन्या नावाला धरून, 'नामविस्तार' म्हणून. नावासाठी सोळा वर्षे लढलेल्या समाजासमोर 'चिन्हांचा मुक्त खेळ' हे शब्द उच्चारताना अभ्यासकाला संकोच वाटला पाहिजे.

हा आक्षेप सैल, खेळकर वाचनाला पूर्णपणे लागू पडतो. देरिदाला तो तितकासा लागत नाही. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने म्हटले की कायद्याची विरचना करता येते, न्यायाची करता येत नाही. आणि कायदा व न्याय यांतील याच अंतरात विरचना घडते. नामांतर आणि नामविस्तार या दोन शब्दांतील अंतर मोजणे, त्या अंतराची किंमत कोणी चुकवली हे सांगणे, ही माझ्या मते विरचनाच आहे. मात्र एक मर्यादा मान्य करायला हवी : नावाची वर्गवारी कशी घडते हे ही पद्धत दाखवते, ती वर्गवारी भोगणाऱ्याचा अनुभव ती सांगू शकत नाही. त्यासाठी आत्मकथनांकडे आणि कलावंतांच्या स्वतःच्या शब्दांकडेच जावे लागेल.

८

अध्यापक आणि संशोधक विद्यार्थी यांच्यासाठी यातून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रबंधातील स्वतंत्र सैद्धान्तिक प्रकरण वगळावे. देरिदा लागत असेल तर तो संहितेच्या वाचनात, प्रत्यक्ष शब्दापाशी यावा, आणि लागत नसेल तर त्याचे नाव येऊ नये. दुसरी, अभिजात आणि लोक, संहिता आणि प्रयोग, कवी आणि साथीदार ही द्वंद्वे अभ्यासाची चौकट म्हणून स्वीकारण्यापूर्वी ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीने घातली हे तपासावे. तिसरी, तमाशाविषयक संशोधनात फडाचे फलक, हस्तपत्रके आणि करारपत्रे यांवरील नावे जशीच्या तशी उतरून घ्यावीत. गायिका, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला यांची नावे तेथे असतात; आपल्या संदर्भसूचीत ती येत नाहीत. फड बंद पडतात तसे हे कागदही नाहीसे होतात, आणि नाणेघाटातील नावे टिकली ती दगडावर होती म्हणून, हे विसरता येणार नाही.

देरिदा २००४ साली निवर्तला. त्याच्या नावाभोवतीची लाट जगभर ओसरली, हे एका दृष्टीने बरेच झाले. फॅशन म्हणून त्याचे नाव घेण्याची आता गरज उरलेली नाही. त्याची वाचनाची रीत तेवढी घ्यावी आणि नारायणगावच्या एका फलकापासून सुरुवात करावी. एवढे काम मराठीच्या कोणत्याही पदव्युत्तर विभागाला, कोणत्याही अनुदानावाचून, येत्या हंगामात करता येण्यासारखे आहे.